जनीची हळद, मुलुंडात

मुलुंड,
ता. ११ मार्च १९८४

ती. सोनुआत्यास,
गजाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे?

हे पत्र मी पंधरा दिवस टाळतोय. पहिल्या कार्डावर चहा सांडला. दुसरं सदऱ्याबरोबर धुतलं गेलं. खरं सांगायचं तर चहा सांडला नाही, मीच सांडवला.

आणि एक. हे पत्र नेहमीसारखं तुझ्या जनीकडून वाचून घेऊ नकोस. शाळेतल्या बुधाजी मास्तरांकडे ने. का ते पुढे येईल.

ठाकुरवाडीला खडी टाकायचं काम सोडलं, चौकला गॅरेजात महिना काढला, तिथून निघालो ते तुला ठाऊक आहे. आता एका विरंगुळा मंडळात आहे. म्हणजे साठीपुढच्यांची शाळा. मी सतरंज्या घालतो, चहा करतो, हॉलवरच्या माळ्यावर झोपतो. इथं एक मांजर आहे, अगदी आपल्या काळीसारखी चोरटी. असो.

किळस येते गं. पावसाळ्यात ही माणसं कुंडीत बुटका वड वाढवायला शिकली. वड वाळले, मी फेकले. दसऱ्याला उर्दू धरलं, चार अक्षरांवर सोडलं. मग कागदाची फुलं. सगळं चाखायचं आणि उष्टं टाकायचं. खजिनदार सदानंदराव चिवडा खाऊन कवळी माझ्या चहाच्या पेल्यात बुडवतात. बाया तुझ्याच वयाच्या. तू अजून चिखलात वाकून भाताचं आवण लावतेस, आणि ह्यांना वेळ कसा घालवायचा ते शिकवायला वैद्य नावाच्या बाई ठेवल्यात.

त्या वैद्यबाईंनी एकदा विचारलं, "गजानन, तुमच्याकडची काही गाणी येतात का?"

मी म्हणालो, "माझी आत्या धवलारीण आहे. आमच्याकडं लग्नं भटजीनं नाही, तिनं गायलेल्या धवळ्यांनी लागतात."

दुसऱ्या दिवशी मला खुर्ची दिली. आठवीत तीनदा बसलेल्या मला बारा बाया 'मास्तर' म्हणायला लागल्या. आत्या, त्या खुर्चीत बसून मी वही उघडली. दिवाळीत तू धवळे सांगत होतीस आणि मी लिहीत होतो, ती. माझ्यामागं जनीला राहू दे, म्हणाली होतीस.

तेव्हा तू बजावलं होतंस, "नावाची जागा मोकळी सोड रं. नवरा-नवरी समोर नाय तर नाव घ्यायचं नाय." नवऱ्याच्या जागी मी टिंबं दिली. पण समोर जनी तांदूळ निवडत होती, मला खडे मारत होती. हळदीच्या धवळ्यात नवरीच्या जागी मी तिचंच नाव लिहून टाकलं. सहज. चिडवायचं म्हणून.

वर्गात एका बाईंनी विचारलं, "मास्तर, ही जनी कोण हो?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "गाण्यातलंच नाव आहे."

तेव्हा खोडता आलं असतं. पण मास्तर चुकला असं कोण म्हणवून घेईल?

वार्षिक कार्यक्रमात बाया नायलॉनच्या साड्या नेसून उभ्या राहिल्या. टिंबांच्या जागी कुणाला घालायचं? गंमत म्हणून सदानंदरावांना पाटावर बसवलं. मुंडावळ्या बांधल्या, गालाला हळद फासली. जनीला हळद लागली, सदानंदाला हळद लागली, असं सगळं शेवटपर्यंत गायल्या. म्हातारा कवळी सावरत हसत होता. लोक टाळ्या पिटत होते. मीही पिटल्या. मग मागे जाऊन पेले विसळायला लागलो.

मी गप्प बसलो असतो तर तुला कधी कळलं नसतं. पण बुधाजी मास्तरांच्या लेकीचं, मोतीचं लग्न हळदीनंतर मोडलं, तेव्हा तिच्या दुसऱ्या लग्नात तू तोंड उघडलं नाहीस. "एकदा गायलेलं नाव मी दुसऱ्याला बांधत नाय," म्हणालीस. मी तिथंच होतो. आता वैशाखात जनीचं नामाशी लग्न आहे, आणि आईच्याच धवळ्यांनी लागायचं म्हणून ती हटून बसलीय. म्हणून विचारतो. असं गायलेलं धरतात का गं? मांडव नव्हता, अक्षता नव्हत्या, ती पोरगी तर भाताच्या गिरणीवर रांगेत उभी असेल. आणि धरत असतील तर जनीला काय सां

हॉर्न वाजला म्हणून उठलो. फाटकात नामाचा टेंपो उभा आहे. नामा आरशात बघून भांग पाडतोय. मागून तू उतरतेस, हातात लाल फडक्यातल्या अक्षता. पहिलं आमंत्रण मला द्यायला आलीस, होय ना?

खाली बायांची तालीम चालू आहे, त्यांना ठाण्याला बोलावलंय. हळदीचाच धवळा. तुला ऐकू गेला. तू पदर डोक्यावर घेतलास. लग्नघर समजून चपला पायरीशी काढल्यास.

आता पत्राला तिकीट नको. तुला वाचता येत नाही, तेव्हा खाली येऊन मीच वाचून दाखवतो. नामासमोर. एक ओळ गाळणार नाही.

वहीतसुद्धा ज्याला जागा मोकळी सोडता आली नाही, तो तुझा
गजा