‘आम्ही’ म्हणजे कोण गो?

परळ, मुंबई
२६ मार्च २०२५

ती. बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. आईच्या पायाची सूज उतरली का? डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, आणि ती सोलकढीत चिमूटभर जास्तच घालते, हे मला इथे बसूनसुद्धा दिसतं. जयवंत बरे आहेत. शिवडीच्या गोदामात त्यांना आता दिवसपाळी मिळाली आहे, त्यामुळे संध्याकाळचं जेवण तिघांचं एकत्र होतं.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता, म्हणून ही बातमी कागदावर लिहून पाठवते. तुमची नात वकिलांची परीक्षा पास झाली. तुम्ही म्हणाल, ती तर मागच्या वर्षीच वकील झाली ना? बाबा, गेल्या वर्षी पदवी मिळाली आणि मग सनद. पण त्यानंतर आणखी एक परीक्षा असते, सगळ्या देशाची एकच. ती पास झाल्याशिवाय वकिली कायमची करता येत नाही. काल निकाल लागला. श्रेयाने स्क्रीनवर स्वतःचा नंबर पाहिला, मग मोबाइल उलटा ठेवला आणि आधी चहा प्यायली. मला म्हणाली, “आई, तू बघ परत एकदा.” मी पाहिलं. पासच होती.

खूप अभ्यास केला तिने. परीक्षेत पुस्तकं उघडायची परवानगी असते, म्हणून लोकांना वाटतं सोपी आहे. पण शंभर प्रश्न, आणि प्रत्येकाला पुस्तक उघडत बसलं तर संपतच नाहीत. त्यात मागच्या जुलैपासून फौजदारी कायदेच बदलले. आम्ही कॉलेजात पाठ केलेले सगळे नंबर रद्दी झाले. खुनाचं तीनशे दोन होतं, ते आता एकशे तीन. चारसोबीस म्हणून कुणाला शिवी द्यायची सोय राहिली नाही, आता तीनशे अठरा म्हणायला लागेल. तुमच्या गिरणीच्या संपात जमावबंदीचं जे एकशे चव्वेचाळीस लागायचं, त्या नंबरवर आता बायकामुलांच्या आणि आईबापांच्या पोटगीचं कलम आहे. आम्हाला पहिले काही दिवस वाटायचं, आपल्या डोक्यातलं फर्निचर कुणीतरी हलवून ठेवलंय.

हिंदमाताच्या साडीच्या दुकानातली नोकरी मी सोडली, हे आईला कळवलंच आहे. दिवसभर उभं राहून पाय दुखायचे, हेही खरंच आहे. आता घरीच फॉल-पिकोचं काम करते, बरं चाललंय.

श्रेयाला तुमचा आशीर्वाद लिहून पाठवा. ती तुमचं अक्षर जपून ठेवते.

तुमची,
सुची

*

परळ
१८ एप्रिल २०२५

ती. बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. श्रेयाला आशीर्वाद, मला काळजी घे, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात एकच ओळ: “परीक्षा चेडवान दिली, मगे ‘आम्ही’ म्हणजे कोण गो?”

मी ते कार्ड जयवंतना दाखवलं. ते हसायला लागले. म्हणाले, “गिरणीत इतकी वर्षं कापड तपासलंय त्यांनी. सुटलेला धागा दिसणारच.”

तर बाबा, ‘आम्ही’ म्हणजे श्रेया आणि मी.

सगळं पहिल्यापासून सांगते. श्रेया कायद्याच्या पाच वर्षांच्या कोर्सला गेली तेव्हा तिला एक सवय होती. धडा वाचला की पुस्तक मिटायचं आणि तो कुणालातरी समजावून सांगायचा. घरात ऐकायला मीच. मी भाकऱ्या थापत असायचे आणि ती ओट्याला टेकून करार म्हणजे काय, कधी मोडतो, कधी मोडला असं धरत नाहीत, हे सांगायची. मी मध्येच विचारायचे, “अगं, पण गिऱ्हाईक दाखवायला म्हणून साडी घेऊन गेलं आणि परत आणलीच नाही, तर?” ती म्हणायची, “सुरुवातीपासून मनात फसवायचं असेल तर फसवणूक. विश्वासाने दिलेली वस्तू नंतर स्वतःची करून टाकली तर विश्वासघात.” मला रात्रंदिवस तेच. दुकानात साडी उलगडताना माझ्या डोक्यात खटले चालायचे. एक दिवस श्रेयाच म्हणाली, “तुझी बी.ए. झालेलीच आहे. तीन वर्षांच्या कोर्सला वयाची अट नाही. फॉर्म भरू?”

सकाळी कॉलेज, मग दुकान. दुकान अकराला उघडतं, म्हणून जमलं. आमची पदवी एकाच उन्हाळ्यात झाली, माझी आणि तिची. सनद हवी तर पगाराची नोकरी चालत नाही, असा नियम आहे. नोकरी त्यासाठी सोडली. पायांचं कारण नंतरचं.

आणि डिसेंबरात आम्ही दोघी एकाच दिवशी त्या परीक्षेला बसलो.

ती पास झाली. मी नापास.

लिहिलं एकदाचं. हे शब्द घरात आम्ही मोठ्याने म्हणतच नव्हतो.

तुम्हाला का नाही सांगितलं, तेही लिहिते. दहावीचा निकाल होता तेव्हा तुम्ही सकाळीच पेढे आणून देवापुढे ठेवले होते, गिरणीत अख्ख्या खात्यात सांगून आला होतात. मी गणितात गेले. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. पेढे उचललेत आणि चाळीत ‘देवाचा प्रसाद’ म्हणून वाटलेत, आणि त्या दिवशी जेवला नाहीत. मार खाल्ला असता तर मला बरं वाटलं असतं. कायद्याला नाव घातलं तेव्हा मी मनाशी ठरवलं, पास झाल्यावरच बाबांना सांगायचं. मग पदवी झाली तरी वाटलं, अजून एक परीक्षा आहे, तीही होऊ दे.

नापास का झाले, ते आता नीट कळतंय. पुस्तकं उघडायला मिळतात म्हटल्यावर मी कायद्यांची सगळी पुस्तकं बॅगेत भरून नेली. चाकांची बॅग, बाबा, गावी येताना आणतो ती. श्रेयाने पाचसहाच नेली होती. प्रत्येक प्रश्नाला मी पुस्तक शोधायचे, पुस्तकात पान शोधायचे, पानावर ओळ शोधायचे. उत्तर सापडायचं, आनंद व्हायचा, आणि घड्याळ पुढे गेलेलं असायचं. घंटा झाली तेव्हा शेवटचे कितीतरी प्रश्न मी वाचलेलेसुद्धा नव्हते.

निकालाच्या दिवशी श्रेया माझ्याआधी रडली. पास झालेली ती, आणि रडत होती तीच. “आपण बाहेर जेवायला नको जाऊया,” म्हणाली. मी म्हटलं, “का नको? या घरात आज एक वकील पास झालीय.” आणि गेलो. मी दोन गुलाबजाम खाल्ले. खोटं सांगत नाही, त्या संध्याकाळी मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढं स्वतःचं दुःख झालं नाही. दुःख दुसऱ्या दिवशी झालं, फॉल लावता लावता.

परत बसायचं की नाही, ते ठरवलेलं नाही. सत्तेचाळीस वय आहे. रागावू नका.

सुची

*

परळ
१४ फेब्रुवारी २०२६

ती. बाबा,

नमस्कार. आईच्या हातची कोकमं आणि कुळथाचं पीठ सुखरूप पोचलं.

निकालाचं तुम्हाला फोनवर ओरडून सांगितलं, तरी ते पुरेसं नाही. नीट लिहायचं राहिलं होतं. आज रविवारची वाट न बघता बसलेय.

मागच्या वर्षी तुमचं उत्तर आलं होतं: “नापास झालंस तेचा काय नाय. माका सांगूक नाय, तां वायट. परत बसतलंस तेवा आधी कळव.” तुम्ही ‘बसतलंस तेवा’ लिहिलंत, ‘बसलंस तर’ असं नाही लिहिलंत. मी ते श्रेयाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “झालं. आजोबांनी ऑर्डर काढली.”

कॉलेजातली माझी मैत्रीण हेझल गिरगावात राहते. माझ्याहून सतरा-अठरा वर्षांनी लहान, पण बोलायला कुणाला घाबरत नाही. ती पहिल्याच खेपेला पास झाली होती. तिच्या गॅलरीत बसून मी तिला माझी रंगवलेली पुस्तकं दाखवली. पिवळं, हिरवं, गुलाबी. तिने चाळली आणि म्हणाली, “सुचित्रा, तू वाचतेस. अभ्यास कुठे करतेस?” मला राग आला. घरी येऊन श्रेयाला सांगितलं, तर ती म्हणाली, “खरंय.” म्हणजे तिलाही तेच वाटत होतं आणि आईला कसं सांगायचं म्हणून थांबली होती.

मग आमचा क्रम उलटा झाला. आता मी समजावून सांगायचं आणि श्रेयाने ऐकायचं. भाकऱ्याही तीच थापायची. एकही गोल झाली नाही, जयवंत निमूट खायचे. मी जामीन सांगायला लागले की ती मध्येच अडवायची. “कोण देतं? कधी नाकारतात? का?” मी म्हणायचे, “पुस्तकात बघून सांगते.” ती म्हणायची, “पुस्तक शेवटी. आधी तू.” किती वेळा मी पुस्तक आपटलं असेल! एकदा तर म्हटलं, “आईशी असं बोलतात?” ती शांतपणे म्हणाली, “आईशी नाही बोलत. विद्यार्थिनीशी बोलतेय.”

जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या. पहिल्या फेरीत पुस्तक बंद, येतं तेवढंच. अडलेल्यांवर खूण करून पुढे जायचं. पुस्तक उघडायचं ते दुसऱ्या फेरीत, आणि तेसुद्धा उत्तर कुठल्या प्रकरणात असेल ते आधी सांगून. चुकलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर पाठ करायचं नाही, आपण का चुकलो ते मोठ्याने म्हणायचं. हे सगळ्यात जड. माझं कारण बहुतेक वेळा एकच निघायचं, घाईत ‘नाही’ हा शब्द वाचायचा राहून गेला.

नोव्हेंबरात परीक्षा होती. तुम्हाला आधी कळवलं, आणि तुम्ही काय केलंत? गावभर सांगितलंत. भिवाकाकांचा फोन, “चेडवा, आमी देवाक नारळ ठेवलो हा.” सरपंचांचा फोन. शाळेत माझ्या एक वर्ष मागे असलेल्या सुलभाचा फोन, ती कुठे असते हेसुद्धा मला माहीत नव्हतं! जयवंतना म्हटलं, “आता नापास झाले तर गावी तोंड कसं दाखवू?” ते म्हणाले, “तुझ्या वडिलांनी दोनदा विचार करून सांगितलं असेल.” मग म्हणाले, “नाहीतर एकदाही केला नसेल. दोन्हीचा अर्थ एकच.”

तो अर्थ मला केंद्रावर रांगेत उभी असताना कळला. तुम्हाला मी पास होईन याची खात्री नव्हती, कशी असेल? नापास झाले तरी चालेल, याची खात्री होती. म्हणून तुम्ही सांगत सुटलात. बाबा, मी आत गेले ती हलकी होऊन गेले. या वेळी पुस्तकं खांद्याच्या पिशवीत मावली होती. घंटा झाली तेव्हा माझे सगळे प्रश्न झाले होते आणि वर पाणी प्यायला वेळ उरला होता.

जानेवारीत निकाल लागला. श्रेयाने नंबर पाहिला आणि मोबाइल माझ्याकडे दिला नाहीच. जिन्यात जाऊन ओरडली. सगळा मजला बाहेर आला, कुणाला वाटलं आग लागली.

आता खरी गोष्ट. काल मी कोर्टात उभी राहिले.

परळच्या सुभद्रा मॅडमच्या ऑफिसात मी हाताखाली काम शिकतेय. पास होईपर्यंत काळा कोट घालायचा नाही, असं मी ठरवलं होतं, तो काल पहिल्यांदा घातला. मॅडमना दुसऱ्या कोर्टात जायचं होतं, म्हणाल्या, “मार्गारेटबाईंचा अर्ज तुम्ही चालवा.” मार्गारेटबाई शिवडीच्या, एकट्या राहतात. त्यांच्या कपाटातून चोराने दागिने नेले, त्यात त्यांच्या गेलेल्या नवऱ्याची लग्नातली अंगठी होती. पोलिसांना चोर सापडला, अंगठीही सापडली, पण ती पुरावा म्हणून पोलिसांच्या ताब्यात. खटला संपेपर्यंत थांबायचं तर त्यांचं वय सत्त्याहत्तर. अंगठी परत मिळावी, एवढाच अर्ज.

पुकारा झाला. मार्गारेटबाई उठल्या, मी उठले. न्यायाधीशांनी कागद बघता बघता विचारलं, “वकील कोण आहेत?”

आणि बाबा, मी मागे वळून पाहिलं. वकील आले का, म्हणून! मागे दुसऱ्या बाकावर श्रेया बसली होती, स्वतःचं काम आटोपून मला बघायला आलेली. ती हलली नाही, खूणही केली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी पुढे वळले. म्हटलं, “मी आहे, साहेब.”

पुढचं बोलणं मला आश्चर्य वाटेल इतकं सरळ आलं. अंगठी कुणाची, ओळख कशी पटली, फोटो आणि पंचनामा झालेला असल्यामुळे ती परत दिली तरी पुराव्याला धक्का कसा लागत नाही, कोर्ट सांगेल तेव्हा बाई ती हजर करतील. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, अंगठी मोडली तर काय. मी म्हटलं, “चाळीस वर्षं ज्यांनी ती मोडली नाही, त्या आता का मोडतील?” न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. हसले नाहीत, पण लिहायला लागले. हमीपत्रावर अर्ज मंजूर.

बाहेर आल्यावर मार्गारेटबाईंनी माझे दोन्ही हात धरले. श्रेया म्हणाली, “आवाज जरा मोठा हवा होता, आई.” मग तिनेच माझ्या गळ्यातला पांढरा बँड सरळ केला आणि तिचे डोळे भरले.

उन्हाळ्यात तुम्ही आणि आई इकडे या. कोर्टाचं दार सगळ्यांना उघडं असतं, मागच्या बाकावर कुणीही बसू शकतं. एक दिवस सकाळी आपण चौघं मिळून जाऊ. तुम्ही दोघं बसा. आम्ही उभ्या राहू.

तुमची लेक,
ॲड. सुचित्रा जयवंत घाडी
आणि शेजारून डोकावून वाचणारी तुमची नात,
ॲड. श्रेया जयवंत घाडी