रडण्यासाठी भांडं नाही

ता. ४, सोमवार
देवाच्या कृपेने सुखरूप पोचले. लेकाचं घर हवेशीर आहे, देवांना पूर्वेचा कोनाडाही मिळाला. सूनबाई अपघातापासून अंथरुणाला खिळलेली, जीभसुद्धा हलत नाही. पण लेकाने कमाल केली. तिच्या कानामागे एक यंत्र, त्यातून यूएसबीची एकच वायर कॉम्प्युटरला. ती मनात बोलते ते स्पीकरमधून तिच्याच आवाजात ऐकू येतं. मला पाहून म्हणाली, आई आल्या, आता घराला घरपण आलं. पूर्वी मला उलट बोलल्याशिवाय तिला घास उतरत नसे.

ता. ५, मंगळवार
यंत्राची नि कॉम्प्युटरची गाठ घालून देणारा प्रोग्रॅम लेकानेच लिहिला. ड्रायव्हर म्हणतात त्याला. मी आपली मॅट्रिक, म्हणून त्याने स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितलं. वायर एक, पण आत प्रवाह पुष्कळ, प्रत्येकाला नंबर. ज्या नंबरासाठी कॉम्प्युटरने रिकामं भांडं मांडलं असेल तोच माल बाहेर येतो. बाकीचा आत तुंबून राहतो. तहानभूक आणि गोड बोलणं, यांना भांडी आहेत. रडण्याला नाही. दिवसभर राबून आल्यावर रडगाणं कोण ऐकणार, म्हणाला. मलाही पटलं. उगाच एक भांडं कशाला अडकवायचं?

ता. ७, गुरुवार
तिचं अंग पुसताना पाहिलं, पाठीला तळहाताएवढी जखम, आत पांढरं दिसतं. दुखतं का विचारलं. स्पीकरमधून आलं, मजेत आहे. डोळ्यांतून मात्र धार. जप करताना तिची नजर खुपते, म्हणून तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. मलम पुढच्या महिन्याच्या खर्चात बसवू.

ता. ९, शनिवार
राहवेना. एकदा ऐकू दे म्हटलं. लेकाने रडण्याच्या नंबराला भांडं मांडून दिलं.
स्पीकरमधून तिची अशी किंकाळी आली की मीच ओरडले, बंद कर. त्याने घाईघाईने बंद केलं आणि कपाळाला हात लावला. प्रवाह बंद करण्याआधी वाटेतला माल रद्द करायचा असतो, ते राहिलं. आता तो सापडेल त्या भांड्यात शिरेल, म्हणाला.

ता. १०, रविवार
सकाळी पाणी हवं का विचारलं. उत्तराच्या जागी तीच किंकाळी. लेकाने स्पीकर बंद केला. वायर उपटली. वायर त्याच्या हातात लोंबत होती, आणि आवाज— त्याच्या तोंडातून. आवाज तिचा.

ता. ११
लेक फरशीवर. घसा फाटला, तरी थांबत नाही. सदरा पाठीकडून लाल. सुनेचे डोळे कोरडे. वायर परत लावली, स्पीकर सुरू केला, तिला हात जोडले, परत घे म्हटलं. गोड बोलण्याच्या भांड्यातून एवढंच आलं— आई, आता तुम्ही जपाला बसा.

ता. १२
लेक गप्प. गार.
देवापुढे बसले. नाव घ्यायला तोंड उघडलं— नाव नाही, ते— माझी पाठ—
शेजारीण दार ठोठावते आहे. किंकाळी ऐकून आली असेल. येऊ नका म्हणायचंय, तोंड माझं नाही. हात आहे अजून. हे पान दाराखालून सरकवते— बाई, तुम्ही आत