ओब्दुलियाने गायलेली मतं

प्रिय रोलांदो,

तुझ्या आईने तुझं नाव रोलंड ठेवलं असेल, पण आमच्या गावाने ठेवलेलं हेच. तब्येत विचारत नाही, कारण तू ठणठणीत आहेस हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. कुठे पाहिलं ते पुढे सांगते. आधी इथलं ऐक. मी चिडलेली आहे आणि चिडले की माझं बोलणं कुठल्या कुठे जातं, हे तुला ठाऊक आहे.

नगराध्यक्षाची निवडणूक झाली. शाळेतल्या मतपेटीवर प्रमुख म्हणून यंदाही मलाच बसवलं, आवाजासाठी. पावाच्या भट्टीपुढे उभं राहून कामावरच्या पोरींना हाका मारणाऱ्या बाईचा आवाज डोंगरापलीकडच्या ग्वातेमालात जातो, असं तूच म्हणायचास. पेटी उघडली, एकेक मतपत्रिका उलगडली, डोक्यावर धरून चारी बाजूंना दाखवली आणि नाव मोठ्याने गायलं; मत वाचण्याला आम्ही गाणंच म्हणतो. खिडक्यांना माणसं लोंबकळत होती. तू निरीक्षक म्हणून पहिल्यांदा आलास तेव्हा तुला वाटलं, प्रार्थनाच चाललीय, आणि तू टोपी काढून मान खाली घालून उभा राहिलास. गाव त्यावर अजून हसतं. जाताना मात्र हट्टाने स्वतःची करंगळी शाईत बुडवून घेतलीस. घरी जाऊन नातवंडांना दाखवणार होतास.

यंदा तुमच्याकडचं कुणी आलं नाही. निरीक्षक पाठवणारी राजधानीतली तुमची कचेरीच बंद केली म्हणे. तिकडे उत्तरेत, तुमच्या देशात हरलेल्यांनी हार मानली नाही, जमाव संसदेत घुसला, काचा फुटल्या, आणि पुढे कुणाचं काही बिघडलं नाही. हे सगळं आम्ही इथे कॉफी निवडता निवडता पाहिलं. तुम्ही बोलावलंत त्या दूरदेशीच्या लढाईत आमची पोरं गेली, तुमच्या विमानांना आम्ही धावपट्टी दिली, आणि लोकशाही कशी असते ते वर्षानुवर्षं तुमच्याकडून निमूट ऐकून घेतलं. आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? इथला प्रत्येक पडलेला उमेदवार म्हणतो, एवढ्या मोठ्यांना चालतं, मग आम्हालाच काय धाड भरलीय. 

आमच्याकडे पडलेला उमेदवार म्हणजे माझा भाऊ, एलिसेओ. तुझा कोंपाद्रे. त्याच्या लेकीला, मिर्नाला बाप्तिस्म्याच्या वेळी तूच हातावर घेतलं होतंस, धर्मपिता म्हणून, आणि तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांचे कोंपाद्रे, भावाहून जवळचे. इतकी वर्षं खुर्चीवर बसला आणि यंदा दवाखान्यातल्या नर्सबाईकडून हरला. मी गात होते तेव्हा तो खिडकीशीच उभा होता. हरलेल्याने आधी आत यायचं, जिंकलेल्याचा हात धरायचा आणि दोघांनी माझ्या भट्टीतली रोस्कियाँ, ती कडक गोल बिस्किटं, कॉफीत बुडवून खायची, ही आमची रीत. तुला ती इतकी आवडली होती की तू ती परगावी सांगत फिरायचास. एलिसेओ आत आलाच नाही. पाठ फिरवून गेला. रोस्कियाँची परात तशीच घरी आणली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या माणसांनी शाळेला कुलूप लावलं. पेट्या आत, हे दारात बसलेले, पोरं घरी. मग तो माझ्या स्वयंपाकघरात आला. म्हणाला, “चौकशीला येतील त्यांना फार नको सांगूस. मोजताना दिवे गेले होते, एवढंच म्हण.” मी म्हटलं, “दिवे गेले नव्हते, एलिसेओ. नाचता येईना आणि अंगण वाकडं म्हणतोयस.” “बहीण आहेस की वैरीण?” “बहीण आहे म्हणून तोंडावर सांगतेय. वैरीण असते तर हो म्हटलं असतं.” तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

त्याने खिशातून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. तुमच्या गावची मतमोजणी चाललेली इमारत, बाहेर जमाव, आणि त्यात तू. तीच टोपी, पण डोक्यावर. काचेवर मुठी आपटत होतास, मोजणी थांबवा म्हणून. आत टेबलाशी माझ्या वयाची एक बाई हातात मतपत्रिका घेऊन बसली होती, आणि ती घाबरली होती. मग तुझा आवाज ऐकवला, तुझ्या त्या मोडक्या स्पॅनिशमध्ये: “हार मानू नकोस, कोंपाद्रे. आम्ही मानली नाही.” एलिसेओ म्हणाला, “घे. तुझा गुरूच सांगतोय.” मी चुलीकडे तोंड केलं. मला रडू आलं होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं.

शुक्रवारी चौकशीसाठी राजधानीहून न्यायाधीश येतायत. मी शपथेवर सांगणार आहे की दिवे चालू होते आणि मी गायलं ते खरं होतं. त्यानंतर माझा भाऊ माझ्या घराची पायरी चढणार नाही. आईच्या थडग्यावर आम्ही फुलं वेगवेगळी नेऊ. तो माझं ऐकत नाही, पाद्रीबाबांचं ऐकत नाही, पण कोंपाद्रेचा शब्द इथे कुणी मोडत नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या देशाबद्दल तुला जे मानायचं ते मान, मी वाद घालायला येत नाही. शुक्रवारच्या आत त्याला एवढंच सांग, की ओब्दुलिया गाते तेव्हा बरोबर गाते. तुला ते ठाऊक आहे. तू टोपी काढून ऐकलंयस.

अजून तरी तुझीच,
ओब्दुलिया