पंपाच्या पेटीतला राखणदार

पाली, जि. रत्नागिरी
पाडव्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप लवूमामा यांस,

नितेशचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात जोडता येतात, यावरूनच अर्धी बातमी आपल्या लक्षात यावी.) आपली प्रकृती ठीक असेल, मामीचा गुडघा जिना चढताना आता कुरकुरत नसेल आणि समीक्षाचे पेपर बरे गेले असतील, असे धरून चालतो. इकडे आई बरी आहे, बाबा बरे आहेत, गाय व्यायला झाली आहे. मीही बरा आहे. हे शेवटी लिहिले, कारण काशीआत्याचा फोन आल्यावर आपला त्यावर चटकन विश्वास बसणार नाही.

आत्याने आपल्याला सांगितले की पूर्णगडला मुलगी बघायला गेलो असताना मला विजेने उचलून विहिरीत टाकले. यात दुरुस्ती अशी की विहिरीत मी पडलो नाही, माझी पक्कड पडली. आपण फोन केलात तेव्हा मी सगळे पहिल्यापासून सांगायला घेतले होते, पण मी मेन स्विचपर्यंत येण्याआधीच आपण म्हणालात, "नितेश, मला कामावर जायचंय, तू लिहून पाठव." म्हणून लिहितो आहे. पत्र आंब्याच्या पेटीत गवताखाली ठेवले आहे. (पेटी वरून उघडावी. खालून उघडल्यास आंबे आधी मिळतील आणि पत्र राहून जाईल.)

स्थळ आपणच सुचवलेले, त्यामुळे माणसांची ओळख करून द्यायला नको. सखारामकाका बोटीवर असतानाचे आपले दोस्त. त्यांची आई मथुराआजी, जिच्या शब्दाबाहेर त्या घरातले मांजरही जात नाही. आणि त्यांची मुलगी राही. राहीबद्दल वेगळे लिहीत नाही, कारण हे पत्र मामीही वाचणार. एवढेच की पोहे चांगले होते आणि मी ते कसे संपवले ते मला आठवत नाही.

पोहे झाल्यावर सखारामकाका म्हणाले, "तुम्ही त्याच लायनीतले. विहिरीवरचा पंप कधी फिरतो, कधी नुसताच गुणगुणतो. आज सकाळी मिनिटभर फिरला नि बसला. माडांना पाणी नाही. जरा बघा तरी." (डॉक्टर मुलगा बघायला आला असता तर त्याला आजीची कंबर दाखवली असती, तसेच हे.) हातखंब्याला बाबल्यादादांच्या दुकानात मी पंप आणि पंखेच दुरुस्त करतो, तेव्हा नाही म्हणणे शोभले नसते. शिवाय बाबा आधीच "बघेल की!" म्हणून मोकळे झाले होते.

मामा, मी किती काळजी घेतो ते आपल्याला माहीत आहे. मी स्विच बंद केला. विहिरीवरचा मेन पाडला (घरातला वेगळा आहे). पंपाचा फ्यूज उपटून शर्टाच्या खिशात ठेवला, म्हणजे कोणी चुकून परत लावायला नको. टेस्टर लावून बघितला, पेटला नाही. मग टेस्टरच बिघडलेला नाही ना म्हणून घरात जाऊन बटणाला लावून बघितला, पेटला. परत विहिरीवर येऊन पुन्हा लावला, पेटला नाही. पायात रबरी चप्पल घातली, खाली सुकी फळी टाकली आणि बाबांना मेनजवळ उभे केले. मग सगळ्यांना मोठ्याने सांगितले की आता या पंपात विजेचा अंशही उरलेला नाही. हे वाक्य मी बोललो नसतो तर पुढचे रामायण झाले नसते. काशीआत्या तेवढ्यात म्हणालीच, "पंप सोडवतोय का बॉम्ब?"

आता पेटीत काय होते ते सांगतो, कारण आपल्या चाळीतही टाकीवर असाच पंप आहे. पंपाच्या पेटीत एक डबा असतो, कपॅसिटर. दुकानात आम्ही त्याला कंडेन्सरच म्हणतो. बाबल्यादादा त्याला हंडा म्हणतात. त्यांचे म्हणणे असे की नळ बंद केला म्हणून भरलेला हंडा रिकामा होत नाही. मेन पाडणे म्हणजे नळ बंद करणे. हंड्यात भरलेली वीज तशीच बसून राहते, कधी थोडा वेळ, कधी खूप वेळ, आणि किती वेळ ते वरून बघून कोणालाही सांगता येत नाही. साधा टेस्टरही तिथे मुका राहतो. एरवी पंप बंद झाला की ती वीज पंपाच्याच गुंडाळीतून निघून जाते. पण या पंपाची एक वायर खाऱ्या वाऱ्याने गंजून सैल झाली होती. पंप फिरताना ती टेकायची, बंद होताना सुटायची. म्हणजे हंडा भरायचा आणि ओतायची वाट बंद.

हे सगळे मला ठाऊक होते. म्हणून तर माझ्या पिशवीत कायम होल्डरमध्ये बसवलेला एक बल्ब असतो आणि त्याला दोन लांब वायरी, टोकांना रबरी मुठीचे चिमटे. चिमटे कंडेन्सरच्या दोन टोकांना लावले की साठलेली वीज बल्बमधून जाते. बल्ब क्षणभर डोळा मिचकावतो आणि विझतो. (काही जण स्क्रूड्रायव्हर आडवा घालतात. त्याने ठिणगी उडते, कंडेन्सर फुटू शकतो, आणि दुकानातल्या एका स्क्रूड्रायव्हरचे टोक उंदराने कुरतडल्यासारखे झाले आहे. तसे करू नये.) मग मीटर लावून शून्य बघायचे आणि काम संपेपर्यंत दोन्ही टोके वायरीने बांधून ठेवायची, कारण रिकामा वाटलेला कंडेन्सरही थोडी वीज परत गोळा करतो. मी बल्ब पिशवीतून काढून विहिरीच्या कठड्यावर ठेवलासुद्धा होता.

तेवढ्यात राही चहा घेऊन आली आणि तिने विचारले, "साखर चालते ना?"

मी तिच्याकडे बघून "चालते" म्हणालो. उजव्या हाताला मात्र मी थांब म्हणालो नव्हतो. तो आपला पुढे गेला आणि अंगठा एका टोकाला, बोट दुसऱ्या टोकाला लागले. डावा हात खिशात होता, तो बाबल्यादादांच्या शिकवणीने. ते म्हणतात, विजेच्या कामात एक हात खिशात ठेवावा, म्हणजे झटका छातीतून आरपार जात नाही. खांद्यापर्यंत कोणीतरी काथ्याचा ओला दोर ओढावा तसे झाले. मी उडालो. काखेतली पक्कड विहिरीत, चहा आत्याच्या साडीवर, आणि मी "आई" म्हणून ओरडलो. आई शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "काय रे?"

मग मथुराआजीने काठी टेकली. "मेन बंद हाय. फूज ह्याच्या खिशात हाय. हाच बोल्ला, वीज न्हाय. मंग ह्याला मारला कुणी?"

सगळ्यांनी विहिरीकडे बघितले. मामा, त्या विहिरीला राखणदार आहे, आणि आजेसासऱ्यांच्या वेळेपासून (आजीच्या आजेसासऱ्यांच्या) तिथे नारळ ठेवल्याशिवाय कुदळही मारत नाहीत. पंपाची पेटी मात्र मी नुसती उघडली होती. लगेच नारळ आला. सखारामकाकांनी टोपी घातली आणि गाऱ्हाणे घातले, "बा राखणदारा म्हाराजा, पोराकडना काय चूक झाली आसंल ती पोटात घाल, ह्या लेकरांची राखण कर..." आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणत राहिले. मीही म्हणालो. हात अजून झिणझिणत होता, मनापासून म्हणालो.

नारळ फुटल्यावर सखारामकाकांनी त्याच डब्याच्या त्याच टोकांवर हात ठेवला. काहीही झाले नाही.

होणार कसे? होती नव्हती ती सगळी वीज माझ्यात उतरली होती. मी ते समजावून सांगायला गेलो.

आजी म्हणाली, "म्हंजी डब्यातली तुझ्या आंगात गेली?"

मी म्हणालो, "हो."

"आता तुझ्या आंगात हाय?"

मी नाही म्हणेपर्यंत काशीआत्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली होती.

निकाल तिथेच लागला. राखणदाराने घरधन्याला काही केले नाही आणि मला चापट मारली. मुलगा पसंत नाही, असा त्याचा अर्थ झाला. पेटी तशीच लावून आम्ही उठलो. सखारामकाकांना वाईट वाटले असावे, ते आम्हाला रस्त्यापर्यंत पोचवायला आले आणि "कळवतो" म्हणाले. हा शब्द आपण ओळखता. मी मागे वळून बघितले होते तेव्हा राही कठड्यावरून विहिरीत वाकून काहीतरी शोधत होती. एवढ्यावरच सगळे संपणार, असे मला वाटले. त्या रात्री मी जेवलो नाही. (हे मामीला सांगू नये.)

पण शर्ट धुवायला टाकताना खिशात फ्यूज सापडला. मामा, इतका आनंद मला दहावीची फेरपरीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता. त्यांचा फ्यूज माझ्याकडे, म्हणजे माडांना पाणी नाही, म्हणजे मला जाणे भाग होते. बाबल्यादादांनी नवे मीटर दिले आणि बजावले, "या वेळी चहा आधी पी, मग पेटी उघड."

पूर्णगडला पोचलो तेव्हा राही दारातच होती. बादली काढायच्या गळाने तिने पक्कड वर काढली होती आणि गंजू नये म्हणून तिला खोबरेल चोळून ठेवले होते. ती म्हणाली, "ही तुमची पक्कड. आता आमचा फ्यूज द्या." मी दिला. वायर सैल आहे ते दाखवावे म्हणून पंप जरा चालवून बंद केला, मेन पाडला, फ्यूज काढला आणि या वेळी राहीच्याच हातात ठेवला. मग सगळ्यांना सांगितले की आता कोणीही हात लावायचा नाही, आत वीज आहे. आणि बल्ब चालतो की नाही ते आधी घरातल्या होल्डरमध्ये बघावे म्हणून आत गेलो. (बल्बच उडालेला असेल तर हंडा भरलेलाच राहतो आणि आपण रिकामा समजतो. ही तपासणी कोणी करत नाही. मी करतो.)

तेवढ्या वेळात सखारामकाकांना वाटले, आपल्याला राखणदार काही करत नाही हे सगळ्यांनी बघितलेच आहे, पोराची भीती घालवून टाकू. त्यांनी छोटेसे गाऱ्हाणे म्हटले आणि हात घातला.

मी बाहेर आलो तेव्हा ते माडाला धरून उभे होते आणि निरनिराळ्या बंदरांतले शब्द बोलत होते. मला त्यांतला एकही कळला नाही, पण अर्थ पोचला. हात शाबूत, बोलणे शाबूत, हे मी आधी बघितले. तरी बळेच रत्नागिरीला नेऊन दाखवून आणले. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे. आजी मात्र परतीपर्यंत तशीच ओट्यावर बसलेली होती, कपाळाला आठी घालून. तिची पंचाईत मला दिसत होती. चापट म्हणजे नापसंती असेल, तर राखणदाराने तिचा स्वतःचा मुलगाच घराबाहेर काढला होता.

शेवटी ती म्हणाली, "परक्याच्या कानाखाली कोण काढतो रे सखाराम? लोक आपल्याच पोराच्या काढतात."

काका हात चोळत म्हणाले, "म्हंजी?"

"म्हंजी काय? त्येनं पयल्या दिवशीच ह्याला घरातला धरलान. आपल्यालाच कळाला न्हाय."

मामा, मी लगेच सांगायला गेलो की आजी, यात पसंती-नापसंती काही नाही, ही सैल वायर आहे. आजीच्या मागे राही उभी होती. ती ओठ न हलवता म्हणाली, "आता तरी गप्प बसा." आयुष्यात पहिल्यांदाच मी एक गोष्ट अर्धवट समजावून सोडून दिली, आणि आश्चर्य म्हणजे मला रात्री झोप लागली.

वायर दुसऱ्या दिवशी नीट केली. आजीला दाखवावे म्हणून पंप पुन्हा जरा चालवून बंद केला, मेन पाडला, फ्यूज काढला आणि आधी बल्ब लावला. त्याने डोळा मिचकावला तेव्हा आजीने हात जोडले. मीटरवर शून्य आले, टोके बांधली, वायरीच्या टोकाला नवा लग (पितळी कान) दाबला, टोके सोडली, पेटी बंद केली. माडांना पाणी मिळते आहे. त्या पंपाचा आता हाच रिवाज झाला आहे: आधी नारळ, मग बल्ब, मग मीटर, मग हात. नारळाला माझी ना नाही. बाकीचे तीन मात्र चुकवायचे नाहीत, असे मी राहीकडून वदवून घेतले आहे. मन अगदी स्वस्थ आहे. आपले उपकार आहेत.

मामीला नमस्कार, समीक्षाला आशीर्वाद. आंबे दोन दिवस अढीत ठेवून मगच कापावेत, ही विनंती.

आपला भाचा,
नितेश

ता. क. साखरपुडा अक्षय्य तृतीयेला पूर्णगडलाच ठरला आहे. स्थळ आपले, तेव्हा आपल्याला यावेच लागेल. रजा आत्ताच टाकावी.

ता. क. २. पत्र लिहिण्याचे खरे कारण वर राहून गेले. आजीचे म्हणणे असे की मुलाकडच्या एका वडीलधाऱ्यालाही राखणदाराने आपले म्हटले पाहिजे, म्हणजे सोयरीक पक्की. बाबांनी आपले नाव सांगितले आहे. आपण घाबरू नये. पंप नीट झाला आहे, तरीही मेन पाडून, फ्यूज काढून, मी स्वतः बल्ब लावीन, मीटर बघीन, टोके बांधीन. आपल्याला काहीही होणार नाही. अडचण तीच आहे. काही झाले नाही तर आपण परके ठरू. म्हणून डब्याला हात लागताच आपण आपल्या मनाने एक उडी मारावी, अशी कळकळीची विनंती आहे. सोबत "आई गं" पुरे. बंदरांतले शब्द नकोत, भटजी असतील. राहीला हे माहीत आहे. ती म्हणाली, मामांना जमेल.

ता. क. ३. उडी डाव्या अंगाला मारावी. उजव्या अंगाला विहीर आहे. राहीच्या गळाला पक्कड लागली होती. आपले वजन मी तिला अजून सांगितलेले नाही.