बाबांची घट्ट कॉफी

ओरेस्ट,

बाबांना ताप चढलाय आणि छाती घरघरतेय. त्यांना हॉस्पिटलात नेतेय.

मी चार दिवस रेजायनाला काय गेले, तू दिवे लावलेस. कॉफी घट्ट करायच्या पावडरीचा नवा डबा ठेवला होता, मी परत आले तेव्हाही त्याचं सील तसंच होतं. वर फोनवर म्हणतोस, "अगं, बाबा साधी कॉफी प्यायले, एकदाही ठसका लागला नाही!" अरे शहाण्या, तोच तर त्यांचा आजार आहे. पक्षाघाताचा झटका आल्यापासून पातळ घोट श्वासनळीत गेला तरी त्यांना ठसका येत नाही. गिळण्याच्या तपासणीत थेरपिस्ट बाईंनी ते एक्स-रेच्या पडद्यावर दाखवलं, तेव्हा तू पार्किंगमध्ये ट्रकात बसून हॉकी ऐकत होतास.

"घट्ट कॉफी म्हटलं की ते तोंड वाकडं करतात, मला बघवत नाही." आहा रे दयाळू! माझ्यासमोर तीन महिने निमूट पितात. नखरे तुझ्यासमोरच, कारण या घरात बावळट कोण, हे त्यांनाही ठाऊक आहे.

टेबलावर तुझ्यासाठी कॉफी ठेवलीय. सील फोडून बाबांच्या कपात घालते तेवढीच पावडर घातलीय. कप रिकामा केल्याशिवाय हॉस्पिटलात तोंड दाखवू नकोस.

डार्लीन