सरदाराच्या गालावरचा व्रण

नांदुरा, सोमवार

प्रिय,

नाव लिहीत नाही. पत्र सासूबाईंच्या हाती पडलं, तर सून नवऱ्याचं नाव घेते हे देऊळघाटभर होईल. मी बरी आहे. बाबा मात्र तुमचा विषय निघाला की पानाचा डबा उघडतात आणि डब्यातच बघत बसतात.

बातमी ही, की तुम्ही वर्षभर वाट पाहिलेल्या सरदाराच्या सिनेमाचा दुसरा भाग इथल्या तंबूत लागला आहे. पहिल्या भागात तो कड्यावर लोंबकळत राहिला होता, आणि कसा सुटणार यावर तुम्ही आपल्या लग्नाच्या मांडवातसुद्धा माझ्या भावाशी वाद घातला होता. दोराने, की घोड्याच्या शेपटीने? मी सांगत नाही. एवढंच सांगते, की घोडा बदलला आहे. काळ्याच्या जागी ठिपक्यांचा आणलाय. पब्लिकने शेंगांची टरफलं फेकली, आणि बाबा घरी येऊन जेवले नाहीत.

तुम्हा दोघांचं एकच. तंबूत बसलात की जागेवरून हलायचं नाही, मध्यंतरातसुद्धा. तुम्ही देऊळघाटाहून येऊन पडद्यासमोर, खांबाजवळ बसायचात. बाबांची एवढी जमीन, पण बसणार पडद्यामागे, बायकांच्या कनातीला लागून, कारण तिकडचं तिकीट स्वस्त. पातळ कापडातून चित्र दिसतंच की, म्हणतात. मी आपली शेंगा खायला आणि मैत्रिणींना भेटायला जाणारी.

दिवाळसणाची आठवण झाली की मला अजून हसू आणि रडू एकदमच येतं. तुम्ही म्हणालात, सरदाराच्या डाव्या गालावर व्रण आहे. बाबा म्हणाले, उजव्या. आई तुपाचं भांडं धरून तशीच उभी. "जावईबापू, माये डोये अजून शाबूत हायेत," असं बाबा म्हणाले आणि तुम्ही भरल्या पानावरून उठून एस.टी. गाठलीत. आता तुम्ही म्हणता, सासऱ्यांनी बोलावल्याशिवाय येणार नाही. बाबा म्हणतात, जावई न्यायला आल्याशिवाय लेक पाठवायची रीत नाही. एका गालापायी मी इथे अडकले आहे. शेजारच्या तानुबाई रोज विचारतात, "काऊन वो पोरी, न्यायले कोनी आलं नाई का?"

परवा मी सिनेमा मागूनच पाहत होते. सरदाराचं गाणं काही संपेना, म्हणून पाणी प्यायला उठले आणि तंबूला वळसा घालून पुढच्या दाराशी गेले. तोच सरदार, तेच गाणं, पण व्रण दुसऱ्या गालावर! परत मागे गेले, तर उजव्या. पुढे आले, तर डाव्या. दारावरच्या माणसाने विचारलं, बाई, काय हरवलं? मी म्हटलं, हरवलं नाही, सापडलं. मागून सगळंच उलटं दिसतं, नावांच्या पाट्यासुद्धा. पण पाट्या येतात तेव्हा बाबा तंबाखू मळत असतात. तुमच्यापैकी एक जण जरी पाणी प्यायला उठला असता, तर मी दिवाळीतच घरी आले असते.

बाबांना मी हे सांगितलेलं नाही. जावई जिंकला असं लेकीच्या तोंडून त्यांना ऐकवणार नाही. म्हणून हे पत्र. तंबू शनिवारचा खेळ झाला की उठणार आहे. त्याआधी या. सासुरवाडीला आलो म्हणू नका, सिनेमाला आलो म्हणा. सिनेमाला बोलावणं लागत नाही. मध्यंतरापर्यंत बाबांच्या शेजारी मागे बसा आणि गालाबद्दल चकार शब्द काढू नका. मग त्यांना हाताला धरून पुढे आणा. तिकीट तुम्हीच काढा, नाहीतर ते यायचे नाहीत. मला तुमची फार आठवण येते. पेटी भरून ठेवली आहे. आणि खरं सांगू? सरदार कड्यावरून कसा सुटला ते मला माहीतच नाही. खेळ सुरू झाला तेव्हा मी कनातीच्या फटीतून तुमची खांबाजवळची जागा बघत होते. तिथे दुसरंच कोणी बसलं होतं. डोळे पुसून पडद्याकडे पाहिलं, तोवर तो सुटला होता.

तुमचीच, दोन्ही बाजूंनी,
अन्नपूर्णा