खिंडीपलीकडचा भागीदार

प्रिय सेराफीनताई,

तुझे गुडघे आणि ज्यासाठी तू लिओंला गेली आहेस ते लेकीचं बाळंतपण, दोन्ही सुखरूप असोत. इकडे आम्ही धडधाकट आहोत. भट्टी तेवढी कोसळली. होय, गावाची पावाची भट्टी! ऐन हिवाळ्याच्या तोंडावर छप्पर आत आलं.

आमचे हे (सरपंचपद मिळाल्यापासून घरातही टाय लावतात) लगेच आओस्ताच्या सरकारी कचेरीत मदत मागायला गेले. पूर्वी तिथले साहेब इथे येऊन, दोन वाट्या सूप पिऊन 'करून टाकू' म्हणायचे. आता प्रादेशिक सरकारात एनरिकाबाई आहेत. म्हणाल्या, "ग्रातोसाहेब, नुसतं गावाला हवं म्हणून आम्हाला ठरवता येत नाही हो. पैसा युरोपचा. सीमेपलीकडचं गाव भागीदार आणा, उद्या मंजूर करते."

खिंडीपलीकडचं गाव म्हणजे तुमचं. आणि तिथले सरपंच म्हणजे तुझे यजमान, ज्यांच्या गाईने जत्रेतल्या गाईंच्या झुंजीत आमच्या गाईला हरवल्यापासून (गाईला वाइन पाजली होती, असं आमचे हे अजून म्हणतात) आपण दोघी बहिणी चोरून फोनवर बोलतोय.

तीन दिवस हे जेवले नाहीत. चौथ्या दिवशी फोंतिना चीजचं अख्खं चाक गाडीत घालून खिंड ओलांडली. बाझीलभावोजी दारातच म्हणाले, "माफी मागायला आलास?"

"नाही. ब्रुसेल्सने पाठवलंय."

भावोजी इतके हसले की आत घ्यावंच लागलं. दुसऱ्या दिवशी ते थापी घेऊन आमच्याकडे हजर! "मंजुरीचा कागद येईपर्यंत माणसं काय पावाविना राहतील?" म्हणे. दोघांनी भांडत भांडत कमान रचली. पहिला पाव निघाला तेव्हा ह्यांनी तो मोडून मोठा तुकडा भावोजींपुढे धरला. मी एप्रनने डोळे पुसले.

तुझी,
डेल्फिना

ता. क. एनरिकाबाई गेल्या आठवड्यात पाहणीला आल्या. झालेल्या कामाला पैसे मिळत नाहीत म्हणे. ह्यांनी 'पाडून पुन्हा बांधू' म्हणताच भावोजी थापी उगारून भट्टीसमोर उभे राहिले. बाईंनी गरम पाव खाल्ला आणि हळूच विचारलं, "खिंडीतला रस्ता अजून खराबच आहे ना?"

आणखी ता. क. त्या रस्त्यासाठी युरोपचा पैसा मागायला आता दोघांची संयुक्त समिती आहे. बैठका आमच्या तळघरात, वाइनच्या पिंपाशेजारी. भावोजी महिनाभर इथेच आहेत आणि घोरतात. बारसं उरकलं की ये. त्यांना न्यायला नको गं, मला सोबतीला ये.